दोष बोटांचा नव्हता
पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीसुद्धा ओलावतात, तिथे गिटारचं लाकूड काय टिकणार! वरची फळी फुगली, तारा उचलल्या. एफ कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा सूरमेळ) धरताना बोटं सोलायची आणि मी स्वतःलाच बोल लावायचो. शेवटी मोजपट्टी लावली: बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सर्वांत जाड ई तारेखाली चक्क ४ मिमी अंतर! नेक, म्हणजे मान, सरळ होता, म्हणून त्याचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईला, ट्रस रॉडला, हात लावला नाही. तारा काढून सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) खालच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासली. बाराव्या फ्रेटवरचं अंतर १ मिमी कमी करायचं तर सॅडल २ मिमी घासावी लागते. तीही थोडीथोडी, कारण घासलेलं परत येत नाही. सर्वांत बारीक तार ०.०१२ ऐवजी ०.०११ इंचाची असलेला तारांचा हलका सेट चढवला. आवाज किंचित पातळ झाला, चालतंय. एफ मात्र वाजतो.