माणसे न हलवता पोलादी इमारतीचे भूकंप-मजबुतीकरण

१७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर लॉस एंजेलिस परिसरातील अनेक पोलादी इमारती बाहेरून धडधाकट दिसत होत्या. अग्निरोधक लेप खरवडल्यावर मात्र तुळई-खांबाच्या जोडात, विशेषतः तुळईच्या खालच्या फ्लँजच्या (आडव्या पट्टीच्या) वेल्डमध्ये, तडे सापडले. म्हणून प्रथम फॉल्स सीलिंग उघडून निवडक जोड तपासावेत. जुन्या लेपात अॅस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा खरवडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. कार्यालय चालू असेल तर जोडाखाली बोल्टने बसणारे ब्रॅकेट (पोलादी आधार) घ्यावेत, कारण त्यामुळे वेल्डिंगच्या ठिणग्या आणि धूर टळतो. भोके पाडण्याचा कर्कश आवाज टळत नाही (हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगितलेले बरे). हे काम रात्रपाळीत उरकावे. एका वेळी मजल्याचा एकच कोपरा पडद्याने बंद करावा आणि लेप पुन्हा चढवल्याशिवाय छत मिटवू नये.