बालीची भातखाचरं आणि धबधबे : या चुका टाळा

बालीची सहल आखताना आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल ठरतं आणि काय बघायचं ते सगळ्यात शेवटी. समुद्रकिनाऱ्यावर पडून राहायचं असेल तर हे चालतं. डोंगरउतारावरची भातखाचरं आणि धबधबे बघायचे असतील, तर मात्र हा क्रम उलटा करा. दोन्ही गोष्टी तिथल्या पाण्यावर आणि शेतीवर अवलंबून आहेत, आणि त्या शेतीचं वेळापत्रक पर्यटकांच्या सुट्ट्यांकडे बघून ठरत नाही. सहल फसल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

आपला पावसाळा डोक्यात ठेवून महिना ठरवणं

धबधबे म्हटलं की आपण जुलै-ऑगस्ट धरून चालतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण आठ अंशांवर आहे. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, आणि आपल्याकडे धो-धो पाऊस पडत असतो तेव्हा तिथे कोरडा ऋतू. काही जण याचा उलटा अर्थ काढतात आणि भर पाऊस बघायचा म्हणून जानेवारीत जातात. तेव्हा धबधबे प्रचंड असतात, पण पाणी चहासारखं गढूळ, पायऱ्या शेवाळलेल्या आणि खाली उतरायची वाट कधीही बंद होण्याची शक्यता.

बालीतले मोठे धबधबे ज्वालामुखीच्या डोंगरांतल्या झऱ्यांवर आणि ओढ्यांवर चालतात, त्यामुळे ते वर्षभर वाहतात. जुलैत गेलात तरी कोरडा कातळ बघून परतावं लागणार नाही. माझ्या मते एप्रिल ते जून हा काळ सगळ्यात चांगला: पाणी भरपूर, नितळ, आणि गर्दी अजून वाढलेली नसते. तरी कोरडा ऋतू म्हणजे पाऊस नाहीच असं समजू नका. सप्टेंबर 2025 मध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, बालीची राजधानी डेनपासार आणि आसपासच्या भागात मोठा पूर आला आणि त्यात माणसं दगावली. हवामानाचा अंदाज रोज सकाळी बघायचाच.

मार्चमध्ये जाणार असाल तर आणखी एक तारीख तपासा. बालीचं नवं वर्षही शक संवताप्रमाणे सुरू होतं, त्यामुळे ते बहुतेकदा आपल्या पाडव्याच्या आसपास येतं (अधिक मासामुळे एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो). 2025 मध्ये ते 29 मार्चला होतं आणि आपला पाडवा 30 ला. 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच. तिथे हा दिवस मौनाचा असतो, त्याला न्येपी म्हणतात. विमानतळ सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बंद, रस्ते बंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद, आणि पर्यटकांना हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. हा दिवस अनुभवण्यासारखा आहे, पण त्या दिवशीचं गाडीचं किंवा विमानाचं बुकिंग वाया जातं. आदल्या संध्याकाळी गावोगाव राक्षसांच्या मोठाल्या प्रतिमांच्या मिरवणुका निघतात, त्या मात्र चुकवू नका.

शेत हिरवंच असेल असं धरून चालणं

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. फोटोत हिरवागार गालिचा बघून माणूस पोचतो, आणि समोर कापणी झालेली, फक्त धसकटं उरलेली खाचरं. मग शिव्या खातो तो ड्रायव्हर.

बालीत पाण्याचं वाटप ‘सुबक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था करतात. ही पद्धत नवव्या शतकापासूनची, आणि 2012 मध्ये युनेस्कोने यातले काही निवडक भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. धुळे-नाशिककडची फड बागायत ज्यांना माहीत आहे, त्यांना सुबक लगेच कळेल: पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायचं, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे सोडायचं, आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं तेही सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सुबकच्या प्रमुखाला पकासे म्हणतात. फरक एवढाच की तिथे हे वेळापत्रक जलमंदिरांशी बांधलेलं आहे. बाटूर सरोवराच्या वर, कड्यावर असलेलं उलुन दानु मंदिर या सगळ्या साखळीच्या माथ्यावर, आणि खाली प्रत्येक पाटाच्या तोंडाशी लहान-मोठी देवळं.

एका सुबकमधले शेतकरी लावणी एकत्र करतात आणि कापणीही एकत्र. त्यामुळे मोठ्या टापूत एकाच वेळी शेतं मोकळी राहतात आणि किडीला खायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात नव्या जातींबरोबर वर्षभर सलग पिकं घेण्याचा आग्रह झाला, हे वेळापत्रक मोडलं आणि तुडतुड्यांनी पिकं फस्त केली. पाण्यासाठीही ओढाताण सुरू झाली. मानववंशशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांनी या जलमंदिरांचं काम शास्त्रीय कसोटीवर तपासलं आणि जुनं वेळापत्रकच पाणी आणि कीड या दोन्हींचा तोल राखत होतं, हे दाखवून दिलं. तुम्हाला मोकळी दिसणारी खाचरं म्हणजे ही शेती नीट चालू असल्याची खूण आहे.

यावर उपाय सोपा आहे. शेजारच्या दोन सुबकांचं वेळापत्रक सहसा एकसारखं नसतं. उबुद या गावाजवळच्या तेगलालांगच्या प्रसिद्ध खाचरांत कापणी उरकली असेल, तर काही किलोमीटरवर दुसरीकडे शेत पोटरीत आलेलं असू शकतं. निघण्याआधी होमस्टेवाल्यांना किंवा ड्रायव्हरला ‘आजचा फोटो पाठवा’ एवढा निरोप पाठवा. जुन्या फोटोवर विसंबू नका. तबानान जिल्ह्यातल्या जातिलुविहला अजून जुनी, उंच वाढणारी लाल भाताची जात घेतात. तिची लावणी वर्षाच्या सुरुवातीला आणि कापणी साधारण जून-जुलैच्या सुमारास होते, त्यानंतर कमी दिवसांचं पीक. मे महिन्यात तिथे गेलात तर लोंब्या भरलेल्या दिसतील.

आणि फक्त हिरव्याच्या मागे लागू नका. चिखलणीनंतर, लावणीच्या आधी खाचरात पाणी भरलेलं असतं. सकाळी सात-साडेसातला त्यात बाटुकारू डोंगर आणि आकाश उतरतं. कोकणात ज्यांनी आवणाचे दिवस पाहिलेत त्यांना हे सांगायला नको.

बांधावरून कसंही चालणं

तेगलालांगला झोके, पिंजरे, घरट्यांच्या आकाराचे फोटोचे मंच इतके झाले आहेत की हे कुणाचं तरी शेत आहे याचा विसर पडतो. जातिलुविहला खुणा केलेल्या पायवाटा आहेत, त्याच धरून चाला. असं का, ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी जातं ते बांधाला ठेवलेल्या एका छोट्या खाचेतून, कधी बांबूच्या नळीतून. बांध चिखलाचा, हाताने लिंपलेला, वरून जेमतेम एका पावलाएवढा रुंद. फोटोसाठी त्या खाचेच्या कडेला पाय पडला की कड ढासळते. खाच रुंद होते, वरचं पाणी नको तितक्या वेगाने खाली जातं. वरच्या खाचरातली कोवळी रोपं उघडी पडतात, खालची बुडतात. तुम्ही गाडीत बसून निघून जाता आणि शेतकरी संध्याकाळी फावडं घेऊन परत येतो.

पाटावर काही ठिकाणी खाचा पाडलेला लाकडी ओंडका आडवा टाकलेला दिसेल. तो तेम्बुकू. कोणाच्या शेताला किती पाणी, याचा हिशेब त्या खाचांच्या रुंदीत असतो. त्यावर बसू नका, त्यात अडकलेला दगड ‘मोकळा’ करू नका, तिथे पाय धुऊ नका. तो दगड मुद्दाम ठेवलेला असतो.

वाटेत कुणी शेतकरी दानपेटी ठेवून बसला असेल तर पाच-दहा हजार रुपिया (तिथलं चलन) टाकायला कुरकुर करू नका. तुम्ही त्याच्या बांधावरून चालता आहात. मात्र दर पन्नास पावलांवर सक्तीने पैसे मागितले, तर नम्रपणे मागे फिरा आणि दुसरी वाट धरा.

एका दिवसात चार ठिकाणं

नकाशात साठ किलोमीटर दिसलं की आपण सव्वा तास धरतो. बालीचे रस्ते अरुंद, वळणांचे, आणि उबुदच्या आसपास तुंबलेले. उबुदहून जातिलुविहला दीड ते दोन तास, उत्तरेकडच्या सेकुंपुल धबधब्याला दोन-अडीच तास लागतात. तेगलालांग, जातिलुविह आणि सेकुंपुल एकाच दिवसात करणारे लोक मुख्यतः गाडीची खिडकी बघून येतात.

दिशा धरून आखणी करा. तेगलालांगबरोबर पूर्वेकडचे तुकाड चेपुंग, तिबुमाना आणि कांतो लाम्पो यांतले दोन धबधबे होतात. जातिलुविहबरोबर डोंगरातलं बेडुगुल घ्या आणि रात्री मुंडुक या गावी राहा. दुसऱ्या दिवशी पहाटे सेकुंपुल गाठता येतं. डोंगरात दुपारनंतर ढग उतरतात, आणि वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो. दुपारी तीननंतर कुठल्याही मोठ्या धबधब्याकडे उतरू नका.

अ‍ॅपवरून टॅक्सी घेऊन जातिलुविहला किंवा सेकुंपुलला जाता येतं, परत येताना मात्र गाडी मिळत नाही. तिथल्या गावांत बाहेरच्या अ‍ॅप-टॅक्सीला प्रवासी उचलू देत नाहीत. दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. स्कूटर चालवणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे का ते निघण्याआधी बघा. ती नसेल आणि अपघात झाला, तर प्रवास विम्याचा दावा अडकतो.

रस्त्यावरच्या पहिल्याच ‘तिकीट खिडकी’वर थांबणं

सेकुंपुलला हा त्रास फार आहे. धबधब्याच्या बराच अलीकडे रस्त्याकडेला टेबल टाकून माणसं गाडी थांबवतात, ‘इथूनच गाइड घ्यावा लागतो’ म्हणतात आणि अव्वाच्या सव्वा रक्कम सांगतात. गाडी थांबवू नका. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की थेट वाहनतळाजवळच्या अधिकृत कचेरीपर्यंत जायचं. तिथे दरफलक असतो. वरून बघण्याचं तिकीट वेगळं आणि खाली उतरण्याचं वेगळं. उतरायचं असेल तर गाइड घ्यावाच लागतो. ते योग्यही आहे, वाटेत ओढा ओलांडावा लागतो. पैसे देऊन बसला असाल तर पावती मागा आणि ती कचेरीत दाखवा.

सगळीकडे रोख रुपिया लागतात. एटीएममधून आधी पैसे येतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे कार्ड मशीनमध्येच विसरणारे रोज सापडतात.

धबधब्याच्या पाण्याला ओळखीचं समजणं

आपण सह्याद्रीतली माणसं. ओढ्यात उतरायची सवय असते आणि त्याच सवयीने घात होतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा पाण्याची पातळी बघता बघता वाढली होती. बालीतही असंच होतं, आणि तिथे पाऊस वर डोंगरात पडत असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं.

खुणा लक्षात ठेवा. नितळ पाणी अचानक मातकट व्हायला लागलं, काटक्या आणि पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की सामान तिथेच सोडून बाजूच्या उंच जागेकडे निघायचं. ओढ्यातून पलीकडे परत जाण्याचा प्रयत्न करायचा नाही. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत थांबा, डोंगरातले लोंढे सहसा काही तासांत ओसरतात. तुकाड चेपुंग हा अरुंद घळीतला धबधबा आहे, तिथे चढायला बाजूच नाही. वर ढग असतील तर तिथे जाऊच नका. सकाळी घळीत उतरणारे उन्हाचे झोत बघायला लोक तिथे जातात, आणि आभाळ भरलेलं असेल तर ते तसेही दिसत नाहीत.

थेट धारेखाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड येतात. डोहात उडी मारायची तर गाइडला विचारून, आणि तो नको म्हणाला तर नको.

गुडघ्यांचाही विचार करा. नुंगनुंग धबधब्याला सुमारे पाचशे पायऱ्या आहेत, आणि परत येताना त्या सगळ्या चढाच्या. आई-बाबा बरोबर असतील तर तेगेनुंगान धबधबा वरूनही नीट दिसतो. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घाला. साधी चप्पल पहिल्याच शेवाळावर दगा देते.

देवळं, कपडे, जेवण

अनेक धबधब्यांजवळ लहान देवळं असतात आणि वाटेवर पानांच्या द्रोणात फुलं ठेवलेली असतात. ती ओलांडू नका, पाय तर लावूच नका. देवळात जाताना सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि कमरेला शेला लागतो, आणि पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी आत येऊ नये असा तिथला नियम आहे. गव्हर्नर वायन कोस्टर यांनी मार्च 2025 मध्ये पर्यटकांसाठी काढलेल्या परिपत्रकात पवित्र जागांचा मान, कचरा आणि एकदाच वापरायचं प्लॅस्टिक याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया कर आहे. तो निघण्याआधीच ऑनलाइन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा.

शाकाहारी असाल तर जातिलुविहचा लाल भात जरूर खा, पण सांबालमध्ये (तिथली मिरचीची चटणी) कोळंबीची पेस्ट आहे का ते विचारून घ्या.

शेवटचं कुत्र्यांबद्दल. शेतवाटांवर मोकाट कुत्री भरपूर आहेत, आणि 2008 पासून बालीत रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. मुंबईला परतल्यावर बघू, असं म्हणू नका. पहिला डोस तिथेच घ्या, कागद जपून ठेवा, पुढचे डोस घरी आल्यावर ठरलेल्या तारखांना घेता येतात.