उंदीर न खाणारा पाळीव साप कसा निवडावा

शाकाहारी साप नसतो, हे प्रथम मान्य करावे. प्रत्येक साप मांसाहारी असतो. काही जाती मासे आणि गांडुळे खातात, काही किडे, काही गोगलगायी, तर मोजक्या जाती फक्त पक्ष्यांची अंडी. एरवी उंदरांवर पोसला जाणारा कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन हा साप आणून त्याला कोंबडीच्या मांसाच्या फोडींवर वाढवता येते, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण हाडांविना नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य असते आणि साप आतून खंगत जातो. गोठवलेला उंदीरही फ्रीजमध्ये ठेवणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी या दोन्ही जातींचा विचार सोडून द्यावा.

साप निवडण्याआधी त्याचे अन्न निवडावे. वर्षभर, खंड न पडता, तुम्हाला कोणते अन्न मिळू शकते याचे उत्तर आधी शोधावे आणि मगच जातीकडे वळावे. ती जात पाळण्याची तुमच्याकडील कायदा परवानगी देतो का, हेही याच वेळी तपासावे. रानातला साप पकडून आणणे हा पर्याय मुळीच नाही.

आता जातींकडे येऊ. रफ ग्रीन स्नेक हा सडपातळ, पोपटी साप सुरवंट, कोळी आणि नाकतोडे खातो, म्हणून नवख्यांना तो हमखास सुचवला जातो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. विक्रीला येणारे यातले बहुतेक साप रानातून पकडलेले असतात आणि ताणामुळे अन्न सोडतात. आफ्रिकेतील अंडीभक्षक साप, म्हणजे डॅसिपेल्टिस, खरोखर अंड्यांशिवाय काही खात नाही. अंडे गिळताना त्याच्या मानेची कातडी इतकी ताणते की खवले एकमेकांपासून सुटे दिसतात. मग मणक्यांच्या टोकदार उंचवट्यांनी कवच आतल्या आत फुटते, बलक पोटात जातो आणि चेपलेले टरफल तोंडावाटे बाहेर येते. तथापि कोंबडीचे अंडे बहुतेकांना मोठे पडते, प्रौढांना लावीची ताजी अंडी लागतात आणि पिल्लांना तर फिंचसारख्या छोट्या पक्ष्यांची. अशी अंडी नियमित मिळण्याची सोय असेल, तरच आणि तोही पूर्ण वाढलेलाच साप घ्यावा.

उरतो गार्टर स्नेक. उत्तर अमेरिकेतील हा साप दिवसा हिंडतो, साधारणतः एक मीटरच्या आत राहतो, त्याची पैदास बंदिवासात सहज होते आणि मासे व गांडुळे हे त्याचे नैसर्गिक अन्न आहे. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याने हाच घ्यावा, असे मी निःसंकोच सांगतो.

पण खरी अडचण येथूनच सुरू होते आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्याशी. ‘मासे खातो’ एवढ्या माहितीवर लोक दुकानातून स्वस्तातले गोल्डफिश आणतात आणि महिनोन्‌महिने तेच देत राहतात. गोल्डफिशमध्ये आणि कार्प कुळातील इतर अनेक माशांमध्ये थायामिनेज नावाचे विकर असते, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. साप व्यवस्थित खात असतो, अंगाने भरलेला दिसतो, म्हणून कोणालाही शंका येत नाही. नंतर त्याचे डोके थरथरू लागते, हालचालींचा तोल जातो, उलटा पडला तर त्याला सुलटे होता येत नाही आणि अखेर झटके येतात. ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारा पशुवैद्य गाठावा, कारण वेळेत ब-१ मिळाले तर साप वाचू शकतो.

मासा गोठवला की धोका टळतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गोठवल्याने अनेक परजीवी मरतात, परंतु थायामिनेज तसेच राहते. ज्या माशाची जात नावानिशी सांगता येत नाही तो मासा सापाला द्यायचा नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. गप्पी आणि प्लॅटी हे छोटे मासे अख्खे द्यावेत. ट्राउट, सामन किंवा तिलापिया यांचे तुकडेही चालतात. नुसते काटे काढलेले तुकडे देत राहिल्यास मात्र कॅल्शियमची तीच जुनी उणीव निर्माण होते, म्हणून अख्खा मासा नेहमीच श्रेष्ठ.

गांडुळांबाबतही तितकीच काटेकोर निवड हवी. गांडूळखतासाठी विकली जाणारी, अंगावर फिकट-गडद पट्टे असलेली लाल गांडुळे दाबली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात. हा द्रव सापाला अपायकारक असतो, त्यामुळे ती कटाक्षाने टाळावीत. नाइटक्रॉलर नावाने मिळणारी मोठी गांडुळे योग्य, पण त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी आणि जोडीला मासे द्यावेत. कीटकनाशक मारलेल्या मातीतली गांडुळे घेऊ नयेत.

पेटी, उष्णता आणि पाणी यांची व्यवस्था इतर लहान सापांसारखीच असते. झाकण मात्र घट्ट हवे. दोन गार्टर एकत्र ठेवल्यास खायला देताना त्यांना वेगळे करावे, कारण दोघांनी एकच मासा पकडला तर मोठा साप धाकट्यालाही गिळू शकतो.

विकत घेताना बंदिवासात जन्मलेलाच साप मागावा आणि तो सध्या काय खातो, हे विक्रेत्याला विचारावे. अनेक पैदासकार गार्टरलाही उंदरांची पिल्लेच देतात, त्यामुळे ‘जात बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तुम्ही जे अन्न देणार आहात तेच, मेलेल्या आणि वितळवलेल्या स्वरूपात, तुमच्यासमोर चिमट्याने देण्यास सांगावे. त्याने ते खाल्ले तर साप घ्यावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरा विक्रेता शोधावा.