दारावरच्या व्हिडिओ बेलचा दिवा कसा वाचावा

व्हिडिओ डोअरबेल बसवून चार दिवस झाले की तिच्या बटणाभोवतीचे उजळते कडे घरातल्यांच्या सवयीचे होते, आणि मग एखाद्या संध्याकाळी तेच कडे लाल किंवा पिवळे लुकलुकू लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो रीसेटच्या बटणाकडे. माझ्या मते निम्मा घोळ या घाईतूनच होतो. दिव्याने सांगितलेले असते वेगळेच, आणि रीसेट केल्यामुळे वायफायचे नाव, पासवर्ड आणि सूचनांच्या वेळा हे सारे पुसले जाऊन मूळच्या लहानशा अडचणीत तासाभराच्या कामाची भर पडते. म्हणून आधी दिवा वाचावा, मग हात लावावा.

शब्दांचा एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली असाच अर्थ होतो, त्यामुळे बेलवरच्या प्रकाशाला येथे सर्वत्र ‘दिवा’ म्हटले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण नेमका कोणता दिवा पाहत आहोत, हे ठरवावे. बटणाभोवतीचे कडे हा मुख्य दिवा असतो. काही बेलांना भिंगाशेजारी आणखी एक ठिपक्याएवढा दिवा असतो. घरात वाजणारी चाईम वेगळी असेल तर तिचाही स्वतंत्र दिवा असतो. शिवाय राउटरचे दिवे आहेतच, आणि बेलच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा त्या दिव्यांत सापडते.

रंगापेक्षा चाल महत्त्वाची

यंत्रमागाच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्या सोलापूरकराला पॅनेलवरचे दिवे नवे नाहीत. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडत आहे, हिरवा म्हणजे सर्व ठीक, हा संकेत तेथे पक्का असतो आणि त्यामागे आयईसी ६००७३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. घरगुती बेल बनवणाऱ्या कंपन्या मात्र आपापला संकेत ठरवतात. रिंग या कंपनीच्या बेलमध्ये पांढरा प्रकाश गोल फिरू लागला की ती नव्याने जोडून घेण्यास, म्हणजे सेटअपला, तयार आहे असे समजावे; टीपी-लिंक कंपनीच्या टॅपो कॅमेऱ्यांत हीच अवस्था लाल आणि हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकून दाखवली जाते. एकाच अवस्थेची ही दोन रूपे पाहिली, की शेजाऱ्याच्या बेलवरून आपल्या बेलचा अर्थ लावणे किती फसवे आहे हे लक्षात येते. आपल्या मॉडेलची माहितीपुस्तिका किंवा अ‍ॅपमधील मदतीचे पान हाच शेवटचा आधार.

तरीही पुस्तिका हाताशी नसताना चालीवरून बराच अंदाज बांधता येतो. स्थिर दिवा सहसा एखादी अवस्था कळवतो, उदाहरणार्थ वीजपुरवठा चालू आहे किंवा बॅटरी पूर्ण भरली आहे. संथ लुकलुक म्हणजे बेल कशाची तरी वाट पाहत आहे, बहुधा वायफायची. जलद लुकलुक दिसली तर चूक झाली आहे किंवा रीसेट चालू आहे असे धरून चालावे. गोल फिरणारा प्रकाश हा (रिंगची वर सांगितलेली सेटअपची खूण सोडली तर) सहसा काम चालू असल्याचा संकेत असतो आणि त्या वेळी बेलला अजिबात हात लावू नये, कारण ती कदाचित फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करत असेल; मध्येच वीज तोडली तर ती कायमची बंद पडण्याचा धोका असतो. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना नीट दिसत नाही (हा रंगांधळेपणा पुरुषांत अधिक आढळतो), त्यांनी तर चालीवरच भर द्यावा.

चालीइतकाच प्रसंगही पाहावा. दिवा बदलण्याच्या आधी काय घडले होते? बटण दाबले होते, वीज जाऊन आली होती, वायफायचा पासवर्ड बदलला होता, की भर दुपारचे ऊन होते? या एका प्रश्नाच्या उत्तरातून बिघाडाची दिशा बहुतेक वेळा ठरते.

वायफायची लुकलुक

बेलच्या तक्रारींत सर्वाधिक वाटा वायफायचा असतो, म्हणून येथे थोडे थांबू. दारातल्या पाहुण्याचे चित्र आपल्या मोबाइलवर येण्यासाठी चार दुवे जुळावे लागतात: बेल, राउटर, इंटरनेटची जोडणी आणि कंपनीचा सर्व्हर. दिवा फक्त ‘जोडलेले नाही’ एवढेच सांगतो. कोणता दुवा तुटला आहे ते आपल्याला शोधायचे असते.

त्यासाठी मोबाइलचा डेटा बंद करून, फक्त घरचे वायफाय चालू ठेवून, बेलच्या अगदी शेजारी उभे राहावे आणि दरवाजा लावून घ्यावा. तेथे मोबाइललाही वायफाय मिळत नसेल किंवा एकच रेघ दिसत असेल, तर दोष अंतराचा किंवा भिंतीचा आहे. वायफाय पूर्ण दिसते पण कोणतेच पान उघडत नाही, असे असेल तर राउटरकडे जावे. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा संकेतच तुटलेला आहे. गल्लीत कोठे रस्ता खोदलेला आहे का ते पाहावे आणि इंटरनेटवाल्याला फोन करावा. बेलचा त्यात काहीही दोष नसतो. दोन्ही गोष्टी ठीक असूनही बेल लुकलुकत असेल, तेव्हाच तिच्याकडे वळावे, आणि तेव्हाही आधी फक्त बंद करून पुन्हा चालू करावी.

भिंतींचा प्रश्न आपल्या जुन्या पेठांत मोठा आहे. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि आत कोठेतरी माजघरात ठेवलेला राउटर, अशा घरात दारापर्यंत लहर क्षीण होऊनच पोहोचते. आमच्याकडे महिनाभर रोज रात्री बेल पिवळी लुकलुकत असे आणि मी तिलाच दोष देत होतो. अखेरीस राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून उंच फळीवर ठेवला आणि लुकलुक थांबली. अनेक अ‍ॅपमध्ये लहरीची ताकद उणे अंकांत दिसते. तेथे उणे ५० हा आकडा उणे ७० पेक्षा चांगला असतो; साधारणपणे उणे ६० पर्यंत निर्धास्त राहावे आणि उणे ७० च्या पलीकडे गेल्यास राउटर जवळ आणावा किंवा मध्ये वायफाय वाढवणारे यंत्र लावावे.

नवी बेल जोडताना अडखळण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा (बँड). बऱ्याच बेला केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असला की सेटअप मध्येच अडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन बेल २.४ वर जोडावी. पासवर्डमधील एखादे अक्षर चुकले तरी लुकलुक सुरू होते. रिंगच्या बेलमध्ये त्या वेळी कड्याचा वरचा अर्धा भाग पांढरा लुकलुकतो, इतर ठिकाणी निराळी खूण असते.

वीज जाऊन आल्यानंतरची लुकलुक मात्र मनावर घेऊ नये. बॅटरीवरची बेल जागी असते, पण राउटर नुकताच उठत असतो आणि त्याला इंटरनेट मिळेपर्यंत काही मिनिटे जातात. पाच मिनिटे थांबावे. वीज वारंवार जात असेल, तर राउटरला इन्व्हर्टरची जोडणी द्यावी किंवा त्याच्यासाठी बाजारात मिळणारा छोटा यूपीएस लावावा. पाणी आल्याचे सांगायला शेजारी नेमके पहाटे अंधारात येतात, आणि तेव्हाच बेल मुकी असणे परवडत नाही.

बॅटरी, ऊन आणि तारा

लाल किंवा नारिंगी दिवा संथपणे लुकलुकत असेल आणि अ‍ॅपमध्ये बॅटरीचा आकडा खाली गेला असेल, तर अर्थ उघड आहे. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत एक वेगळीच गंमत होते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करण्याचा नियम आहे, आणि बाहेरचे तापमान ४० च्या वर असताना पश्चिमेकडच्या दारावर ऊन झेलणारी बेल त्याहून कितीतरी तापते. अशा वेळी यंत्र स्वतःहून चार्जिंग थांबवते आणि दिवा चार्जिंगची खूण न दाखवता बिघाडाची दाखवतो. बॅटरी खराब झाली असे समजून नवी मागवण्याआधी तिला घरात आणून, गार होऊ देऊन, मग चार्जिंगला लावावी.

याच उन्हाचा दुसरा परिणाम दिव्यात दिसतच नाही. अनेक बेलांतील हालचाल ओळखणारा पीआयआर संवेदक माणसाच्या अंगाची उष्णता आणि पार्श्वभूमीची उष्णता यांतील फरक टिपतो. भर दुपारी अंगणाची फरशी आणि भिंत अंगाइतकीच तापली, की तो फरक उरत नाही. माणूस समोर येऊनही बेल जागी होत नाही आणि दिवा लागत नाही. हा बिघाड नव्हे. याउलट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल, तर दिवसभर माणसे दारावरून जात राहतात, बेल पुन्हा पुन्हा जागी होते आणि एरवी महिनाभर पुरणारी बॅटरी झपाट्याने उतरते. त्या चार दिवसांपुरता हालचालीचा टापू उंबरठ्यापर्यंत आखडून घ्यावा.

तारेने जोडलेल्या बेलविषयी एक इशारा देणे भाग आहे. परदेशी बनावटीच्या अनेक बेला १६ ते २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात, तर आपल्याकडच्या जुन्या बेलच्या बटणात थेट २३० व्होल्टचा प्रवाह असतो. जुने बटण काढून त्याच तारा नव्या बेलला जोडल्यास बेल जळेल आणि जोडणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकेल. हे काम वायरमनकडून, एमसीबी पाडूनच करून घ्यावे. ट्रान्सफॉर्मर योग्य व्होल्टचा पण कमी ताकदीचा असेल, तर तो दिव्यातून ओळखू येतो: बटण दाबताच दिवा विझतो आणि बेल नव्याने सुरू होते, किंवा दिवसा सर्व सुरळीत असून रात्रीच ती पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. रात्री अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्यांची जादा भूक ट्रान्सफॉर्मरला भागवता येत नाही.

रात्रीची लाली आणि नको असलेली नजर

भिंगाभोवती रात्री अंधूक लाल ठिपके दिसतात, ते धोक्याचे नसतात. ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांची थोडी लाली डोळ्यांना दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे जवळजवळ अदृश्य असतात. चित्र पांढुरके दिसत असेल, तर आधी भिंगावरचे जाळे आणि धूळ पुसावी.

काही मॉडेलांत कोणी मोबाइलवरून थेट चित्र पाहत असेल तेव्हा दिवा लागतो. घरात कोणीही अ‍ॅप उघडलेले नसताना तो लागला, तर पहिला संशय पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलावर घ्यावा आणि त्याला फोन करून विचारावे. आईवडील जेवले का हे तो असे पाहत असतो. तो नसेल, तर मात्र अ‍ॅपचा पासवर्ड लगेच बदलावा, द्विस्तरीय पडताळणी चालू करावी आणि ज्यांना प्रवेश दिला आहे त्यांच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकावीत.

एवढे सगळे करूनही दिवा ताळ्यावर येत नसेल, तर कंपनीच्या मदत केंद्राला कळवावे. दिव्याचे पंधरा-वीस सेकंदांचे चित्रीकरण सोबत जोडले तर काम लवकर होते. मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्थिर दिवाही कधीकधी थरथरताना दिसतो, म्हणून डोळ्यांना प्रत्यक्ष काय दिसले तेही शब्दांत लिहावे. रीसेट त्यांनी सांगितल्यावर करावा, आणि त्याआधी वायफायचे नाव व पासवर्ड कागदावर उतरवून ठेवावा.

त्याच कागदावर आपल्या बेलच्या चार-पाच मुख्य खुणा आणि प्रत्येकीसमोर काय करायचे ते लिहून तो राउटरशेजारी चिकटवावा. दुपारी घरात एकटे असणारे ज्येष्ठ तेलुगू किंवा कन्नड वाचत असतील, तर तो त्यांच्या लिपीत लिहावा आणि अक्षर मोठे काढावे.