‘माझ्यापर्यंत आलंच नाही’: कारखान्यात निरोप अडकतो तिथल्या या चुका टाळा

रात्रपाळीत सीएनसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरच्या) ऑपरेटरला बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाचं, माप सरकत चाललेलं दिसतं. तो सुपरवायझरला सांगतो. सुपरवायझर सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरला, ते अकराच्या मीटिंगमध्ये क्वालिटी मॅनेजरला, आणि मग निरोप खाली उतरतो माल तपासणाऱ्या क्यूसी इन्स्पेक्टरकडे, जो रात्री त्याच मशीनपासून वीस पावलांवर बसलेला होता. तोवर ट्रॉलीभर माल रिजेक्ट.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. बारावी कॉमर्सला ज्यांची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं पाठ करतात त्या हेन्री फेयॉल यांनी यावरचा उपाय १९१६ मध्येच लिहून ठेवला आहे: दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी थेट बोलावं. अट एवढीच की दोघांच्या साहेबांची त्याला आधीच मुभा असावी आणि जे ठरलं ते त्यांना लगेच कळवावं. आपल्याकडे कळवायचं राहून जातं, मग ‘मला न विचारता?’ म्हणून रुसवे. तेव्हा थेट काय ठरवता येईल ते कागदावरच लिहा. मशीन थांबवणं, माल बाजूला काढणं चालेल. ड्रॉइंगमधलं माप बदलणं चालणार नाही.

दुसरी चूक मोजमापाची. प्रॉडक्शनचा इन्सेन्टिव्ह काढलेल्या नगांवर आणि क्वालिटीला शाबासकी पकडलेल्या रिजेक्शनवर, असं असेल तर दोघांना लोणावळ्याला सहलीला नेऊनही सोमवारी भांडण तेच. (अशा दोन सहली मी स्वतः काढल्या आहेत.) पास झालेले नग, हा एकच आकडा दोघांच्या नावावर ठेवा.

‘सगळ्यांना सगळं कळू दे’ म्हणून एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करणं, ही तिसरी. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १०, बारा जणांत ६६. तुटलेल्या इन्सर्टचा (मशीनच्या कापणाऱ्या टोकाचा) फोटो ‘शुभ सकाळ’खाली गाडला जातो. त्यापेक्षा पाळी बदलताना जाणारा आणि येणारा ऑपरेटर दहा मिनिटं मशीनपाशी उभे राहिले तर जास्त कळतं.

मेंटेनन्सच्या फिटरला दोन साहेब असतील, तर आधी कुणाचं काम हे त्याला ठरवायला लावू नका.

आणि घोळ नक्की कुठे होतोय हे कळत नसेल, तर मागच्या आठवड्यातली एक तक्रार घ्या. ती कुणाकडे किती वाजता आली, पुढे किती वाजता गेली, हे ओळीनं लिहा. आम्ही लिहिलं, तेव्हा ती निम्म्याहून जास्त वेळ माझ्याच टेबलावर पडून होती.