फ्लॅट विकताना आधी ओल बघा
जुना फ्लॅट विकायला काढलात की रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवा. घेणारा बाथरूममागची भिंत आणि सिंकखालचं कपाट हमखास बघतो. ओलीवर नुसता रंग फासला तर लवकरच पोपडे सुटतात, आणि ते दिसले की बाकी घरावरचाही विश्वास उडतो. गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग पुट्टी आणि फिकट रंग. पावसाळ्यात भिंत वाळता वाळत नाही, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. बाल्कनीतली अडगळ हलवा. घर दिवसाउजेडी दाखवा. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची ताजी पावती एका फायलीत तयार ठेवा. खरा घेणारा ती पहिल्या-दुसऱ्या भेटीतच मागतो.