एका दिवसात सगळा गाउदी? बार्सिलोना पाहताना या चुका टाळा

नोकरीनिमित्त मी बार्सिलोनात राहते, त्यामुळे इकडे यायला निघालेले नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीपाळखीचे लोक आपला ठरलेला कार्यक्रम मला आधी पाठवून देतात. त्या कार्यक्रमात बहुधा सकाळी नऊला सग्रादा फामिलिया, अकराला पार्क ग्वेल, दुपारी दोनला कासा बातयो, चारला ला पेद्रेरा आणि संध्याकाळी गॉथिक वस्ती असे लिहिलेले असते, म्हणजे आंतोनी गाउदी या वास्तुकाराच्या चार वास्तू आणि वर शहराचा जुना भाग. तिकिटे काढून झालेली असल्यामुळे माझ्या मताला तेव्हा फारसा अर्थ उरत नाही, तरीही मी ते देते, आणि तरीही ते कोणी ऐकत नाही.

एका दिवसात चार वास्तू

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून आलेल्या एका कुटुंबाने नेमका हाच कार्यक्रम पार पाडला. सग्रादा फामिलियापासून पार्क ग्वेल नकाशावर जेमतेम तीन किलोमीटर दिसते, तेव्हा चालतच जाऊ, असे मुलाने ठरवले. नकाशावर न दिसणारी गोष्ट अशी, की हे उद्यान डोंगराच्या उतारावर आहे आणि शेवटचा टप्पा दम काढणारा आहे. गुडघेदुखी असलेल्या काकू वर पोहोचल्या तेव्हा त्यांच्यात बोलण्याचेही त्राण नव्हते. पायऱ्या चढून गेल्यावर ८६ खांबांचे जे भव्य दालन लागते, त्याच्या कडेला त्या बसल्या, आणि डोक्यावरच्या छतातील फुटक्या काचांची व फरश्यांची नक्षी पाहायला त्यांनी मान वर करण्याआधीच मुलाने पुढच्या ठिकाणासाठी टॅक्सी बोलावली होती. त्या दालनावरचे नागमोडी बाकांचे सज्जे त्यांनी पाहिलेच नाहीत. रात्री जेवताना मी काकांना विचारले, काय काय पाहिले? ते म्हणाले, "एका घराचं छप्पर सरड्याच्या पाठीसारखं होतं, आणि एका गच्चीवर शिरस्त्राणं घातलेले शिपाई उभे होते. पण कुठलं काय, ते मात्र विचारू नकोस." ते छप्पर कासा बातयोचे आणि ते शिपाई म्हणजे ला पेद्रेराच्या धुराड्या. चौघांच्या तिकिटांवर त्या दिवशी जो खर्च झाला होता, तो पाहता हे उत्तर फारच महागात पडलेले होते.

तिकीट असलेल्या दोनच वास्तू एका दिवशी पाहाव्यात, एक सकाळी आणि एक दुपारनंतर, असा माझा शिरस्ता आहे, आणि पाहुणे कितीही घाईचे असले तरी मी तो मोडत नाही. या इमारती आत शिरून रेंगाळल्याशिवाय कळत नाहीत. कासा बातयोत लिफ्टने थेट वर जाणाऱ्याला मधला प्रकाशकूप दिसतच नाही. त्याच्या भिंतींवरच्या फरश्या वर गडद निळ्या आहेत आणि खाली येता येता फिकट होत जातात, तर खिडक्या वर लहान आणि खाली मोठ्या आहेत, म्हणजे आकाशातून येणारा उजेड सर्व मजल्यांना सारखा मिळावा. ला पेद्रेरातही सगळे गच्चीकडे धावतात, पण तिच्याखालचा माळा विटांच्या २७० कमानींवर उभा आहे. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की तिला जो बाक येतो, तो उलटा केला की ही कमान होते. आंतोनी गाउदीची अर्धी विद्या त्या माळ्यावर समजते.

सग्रादा फामिलियासाठी मिळेल ती वेळ घेणे

या चर्चची तिकिटे ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचीच मिळतात, तरीही दारात जाऊन तिकीट घेऊ म्हणणारे लोक अजून भेटतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही. मला राग येतो तो तिकीट वेळेवर काढूनही दुपारी एकची वेळ निवडणाऱ्यांचा, कारण त्यांना ती निवडण्याचे कारण विचारले तर "तेव्हा मोकळे होतो" एवढेच सांगता येते.

जुआन विला-ग्राउ या कलावंताच्या रंगीत काचा तेथे १९९९ नंतर बसत गेल्या. येशूच्या जन्माच्या देखाव्याची बाजू साधारण पूर्वेला आहे आणि तिकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, तर पश्चिमेकडच्या, म्हणजे क्रूसावरच्या यातनांच्या बाजूच्या काचा तांबड्या-नारिंगी आहेत. सकाळी आत गेल्यास झाडासारखे फांद्या फुटलेले खांब निळसर उजेडात उभे दिसतात आणि दिवस कलल्यावर तेच खांब नारिंगी होऊन जातात. उन्हाळ्यात येथील घड्याळ सूर्याच्या इतके पुढे असते, की सूर्य माथ्यावर यायला जवळजवळ दोन वाजतात. त्यामुळे दुपारी एक-दोनला कोणत्याच बाजूने तिरपा प्रकाश येत नाही आणि ज्यासाठी एवढ्या दूर आलो, तो सोहळा हुकतो. सकाळी चर्चचे दार उघडल्यावरची पहिली वेळ मी घेते, किंवा उन्हाळ्यात सहाच्या आणि हिवाळ्यात तीनच्या सुमाराची. आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी पाहुण्यांना मोबाइल काढू देत नाही. हा माझा जुलूम आहे, हे मान्य आहे, पण नंतर कोणी तक्रार केलेली नाही.

मनोऱ्याचे तिकीट घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की लिफ्ट फक्त वर नेते आणि खाली अरुंद गोल जिन्याने उतरावे लागते. दिसते ते सगळे गाउदीच्या हातचे आहे, हा समजही सोडावा. काम १८८२ मध्ये सुरू झाले, त्याने ते पुढच्या वर्षी हाती घेतले, आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेनंतर तो गेला, तोपर्यंत त्याने पुरा झालेला पाहिलेला घंटामनोरा एकच होता.

गाउदीपलीकडे काहीच न पाहणे

पासेज द ग्रासिया या रस्त्यावर कासा बातयोसमोर गर्दी करून फोटो काढणाऱ्यांपैकी शेजारच्या कासा अमात्येरकडे वळून पाहणारे थोडेच असतात. ते पुच इ कादाफाल्कचे काम आहे, आणि त्याच ओळीच्या टोकाला दोमेनेक इ मुंतानेरचे कासा येओ मोरेरा आहे. एकाच काळातले तीन मोठे वास्तुकार एकमेकांशी जराही न जुळणाऱ्या तीन तऱ्हांनी बोलताहेत, आणि ते रस्त्यावरून फुकट पाहता येते.

दोमेनेकचेच सांत पाऊ रुग्णालय सग्रादा फामिलियापासून दहा मिनिटांवर आहे, मधल्या तिरप्या रस्त्याने सरळ चालत गेले की झाले. १९०२ ते १९३० या काळात बांधलेल्या या संकुलात बागेत विखुरलेले मंडप आहेत, ते जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेले आहेत, आणि आसपासच्या रस्त्यांच्या जाळ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून सारे संकुल मुद्दाम तिरके बसवलेले आहे. २००९ पर्यंत येथे रुग्ण असत. आजारी माणसाला ऊन, हवा आणि सुंदर छत मिळाले पाहिजे, असा विचार करून बांधलेली ही वास्तू पाहून आमच्याकडे आलेल्या एका डॉक्टर मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या ठिकाणाच्या वेळेसाठी धावणारे लोक मात्र सग्रादा फामिलियाच्या दारातच टॅक्सीत बसतात.

लहान चुका

गॉथिक वस्तीतील बिस्बे रस्त्यावरचा नक्षीदार पूल मध्ययुगीन समजून फोटोखाली तसे लिहू नका, तो १९२८ चा आहे. खरे चौदावे शतक पाहायचे असेल तर सांता मारिया देल मार या चर्चमध्ये जा.

इल्देफोन्स सेर्दाने १८५९ मध्ये आखलेल्या एशाम्प्ला भागात प्रत्येक चौकाचे कोपरे छाटलेले आहेत आणि रस्ता ओलांडण्याचे पट्टे कोपऱ्यापासून आत असतात, त्यामुळे नाकासमोर चालतानाही दर चौकात वळसा पडतो. वृद्ध माणसे बरोबर असतील तर चालण्याचा वेळ सढळ हाताने धरा.

पासपोर्ट मागच्या खिशात ठेवून रांब्ला रस्त्यावर फिरणाऱ्याला मी काय सांगावे? व्हिसाच्या पानाची प्रत वेगळी ठेवा, पिशवी पोटाशी धरा, आणि कोणी अंगावर काही सांडले म्हणून पुसायला आला तर लगेच बाजूला व्हा.

बिसिंग या सार्वजनिक सायकल योजनेच्या तांबड्या-पांढऱ्या सायकली येथील रहिवाशांसाठी आहेत, त्यांच्या खांबाशी मोबाइल घेऊन झटापट करू नका.

बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे स्वयंपाकघर आठ-साडेआठच्या आत सुरू होत नाही, तेव्हा साडेसहाला भूक लागलेल्या मुलांसाठी बरोबर खाऊ असू द्या. शाकाहारी मंडळींनी "मांस नको" एवढ्यावर न थांबता मासा आणि हॅमही नको, असे सांगावे.

दहा फेऱ्यांचे टी-कॅज्युअल कार्ड एका वेळी एकाच माणसाचे असते, त्यामुळे चौघांनी ते आळीपाळीने दारावर टेकवण्याचा आपला लाडका उपाय येथे चालत नाही. शिवाय ते विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर स्वीकारले जात नाही. तेथे वेगळे तिकीट लागते आणि ते काढण्याच्या यंत्रापुढे रांग असू शकते, म्हणून परतीच्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवून निघा.